आठवणींची दुसरी प्रत

छापखाना येण्यापूर्वीं भारतांत ग्रंथ हातानें उतरून काढीत. पोथी पुरी झाली म्हणजे नकलनवीस शेवटच्या पानावर वाचकास एक विनंती लिहीत असे. पाठ, कंबर आणि मान मोडून हें लिहिलें आहे. तेलापासून ह्याचें रक्षण करावें, पाण्यापासून करावें, बांधणी सैल होऊं देऊं नये, आणि मूर्खाच्या हातीं तर हें देऊंच नये. अशा अर्थाचा मजकूर जुन्या पोथ्यांच्या अखेरीस ठिकठिकाणीं आढळतो. ज्यानें रात्रंदिवस बसून अक्षर अक्षर उतरलें त्यास आपल्या श्रमाचें काय होणार ही धास्ती वाटावी, हें स्वाभाविकच होतें.

परंतु केवळ विनंतीनें पोथी वांचत नाहीं. जे ग्रंथ वांचले ते बहुधा दुसऱ्या कोणीं तरी दुसऱ्या गांवीं त्यांची नक्कल करून ठेविली म्हणून वांचले. एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. हें कार्य होऊं शकलें, कारण ताडून पाहण्यास निरनिराळ्या प्रती उपलब्ध होत्या. तुकोबांची गाथा इंद्रायणींत बुडविली आणि ती तरली, ही कथा महाराष्ट्रांतील लहान मुलासही ठाऊक आहे. तिचा अर्थ कोणीं कसाही लावावा. तुकोबांचे अभंग लोकांच्या कंठांत होते, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणें संताजी जगनाड्यांच्या वहींत उतरलेले होते. ज्या काव्याच्या इतक्या प्रती इतक्या ठिकाणीं आहेत तें एका नदीच्या पाण्यांत कसें बुडावें?

आजच्या कुटुंबाची पोथी मोबाईलच्या पोटांत असते. मुलाचें पहिलें पाऊल, आजोबांचा सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा, मुलीच्या लग्नांतील मंगलाष्टकें, परदेशीं राहणाऱ्या नातवाचें हसणें, सारें कांहीं त्या तळहाताएवढ्या वस्तूंत सांठविलेलें असतें. ती वस्तु रिक्षांत विसरते, पाण्यांत पडते, चोरीस जाते. मग घरांतील कोणी तरी विचारतें, ह्या फोटोंची दुसरी प्रत कोठें आहे? क्लाउड हें त्या प्रश्नाचें आजचें उत्तर आहे. उत्तर नवें असलें तरी प्रश्न नवा नाहीं. छायाचित्र जितकें जुनें, तितकाच तो जुना आहे.

१९ ऑगस्ट १८३९ रोजीं पॅरिस येथें लुई दागेर ह्याची छायाचित्रणाची कृति जाहीर करण्यांत आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणारें तें चित्र इतकें रेखीव असे कीं भिंग लावून पाहिलें तरी बारीकसारीक रेषा स्पष्ट दिसाव्या. पण त्यांत एक मोठें उणें होतें. चित्र निघे तें एकच. पत्रा हरवला किंवा ओरखडला कीं तो चेहरा कायमचा गेला. इंग्लंडमध्यें विल्यम हेन्री फॉक्स टाल्बट ह्या गृहस्थानें निराळी वाट धरली होती. त्यानें १८४१ सालीं ज्या कृतीचें पेटंट घेतलें, तींत कागदावर आधीं उलटें चित्र तयार होई. उजेडाच्या जागीं काळें आणि सांवलीच्या जागीं पांढरें. ह्यालाच पुढें निगेटिव्ह असें नांव पडलें. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या सुलट प्रती काढतां येत. टाल्बटचीं चित्रें दागेरच्या चित्रांइतकीं रेखीव नव्हतीं, तरी जग अखेरीस टाल्बटच्याच वाटेनें गेलें. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर ह्यानें कांचेवर निगेटिव्ह उमटविण्याची कृति प्रसिद्ध केली. तिच्यायोगें रेखीवपणाही मिळाला आणि प्रतीही मिळूं लागल्या.

ही विद्या मुंबईस पोंचण्यास फार काळ लागला नाहीं. १८५४ सालीं तेथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे ह्या कलेंत नांव मिळविणाऱ्या पहिल्या एतद्देशीयांपैकीं एक होत. पुढें शहरोशहरीं स्टुडिओ निघाले. घरांतील मंडळींनीं ठेवणींतलीं वस्त्रें नेसून, दागिने घालून, रंगविलेल्या पडद्यापुढें श्वास रोखून बसावें, आणि त्या क्षणाची आठवण दिवाणखान्यांत पिढ्यान्पिढ्या टांगलेली राहावी, असा प्रघात पडला.

ह्या स्टुडिओंच्या व्यवहारांतील एक बारकावा लक्षांत घेण्याजोगा आहे. गिऱ्हाइकाच्या हातीं कागदावरची प्रत येई. मूळ कांच स्टुडिओच्या फळीवरच राही. तिला क्रमांक दिलेला असे. निगेटिव्ह जपून ठेविली आहे, केव्हांही आणखी प्रती मिळतील, असें पुठ्ठ्याच्या पाठीवर छापण्याचीही चाल होती. घरची तसबीर वाळवीनें खाल्ली, कीं क्रमांक सांगून दुसरी मागवावी. घरची ठेव परक्याच्या कोठारांत ठेवून निश्चिंत होण्याची ही सोय म्हणजे आजच्या क्लाउडची आजीच म्हणावयाची. तिच्यांतील धोकाही नातीकडे वारशानें आला आहे. स्टुडिओचा मालक वारला, दुकान विकलें गेलें, जागा दुसऱ्याकडे गेली, म्हणजे त्या कांचांचें काय होई? कित्येक कांचा धुवून पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, कित्येक भंगारांत गेल्या. ज्यांचे चेहरे त्यांवर होते त्यांना ह्याची वार्ताही नसे.

१८८८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन ह्यानें कोडॅक नांवाचा लहानसा कॅमेरा विक्रीस आणला. त्यांत शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली येई. ती संपली कीं कॅमेराच कारखान्याकडे पाठवावा. चित्रें छापून, नवी गुंडाळी भरून, तो परत येई. फोटो काढण्यास आतां कसबी माणूस नको झाला. पुढील अर्धशतकांत सामान्य माणसाचा वाढदिवस, सहल, नवें घर हीं चित्रविषय बनलीं. निगेटिव्हही स्टुडिओच्या फळीवरून निघून गिऱ्हाइकाच्या घरीं आली. परंतु ती ठेवली कोठें गेली? प्रती ज्या आल्बममध्यें, त्याच आल्बमच्या मागील खिशांत; किंवा त्याच कपाटांत, त्याच खणांत. प्रती दोन झाल्या, ठिकाण मात्र एकच राहिलें.

ह्या चुकीची किंमत पुण्यानें एका दिवसांत मोजली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेंही फुटलें, आणि मुठेचें पाणी नदीकांठच्या पेठांत शिरलें. माणसें गेलीं, घरें पडलीं, आणि वांचलेल्या घरांतील कागदपत्रांचा लगदा झाला. मुंबईंत २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां तळमजल्यावरील हजारों घरांची तीच अवस्था झाली. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्यानें फुगतो, मऊ होतो, आणि वाळतांना शेजारच्या फोटोला असा चिकटतो कीं दोन्ही सोडवूं जातां दोन्हींवरचे चेहरे निघून जावे. निगेटिव्हवरही तसलाच थर असतो. तिलाही त्या पाण्यांत वेगळी गति नव्हती.

हलत्या चित्रांची कथा ह्याहून अधिक करुण आहे. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईंतील वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें दाखविण्यांत आलीं. त्यांनीं भारून गेलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा ह्यांनीं १८९९ सालीं कुस्तीचें चित्रण केलें. रँग्लर परांजपे १९०१ सालीं विलायतेहून परतले, तेव्हां त्यांच्या स्वागताचें चित्रणही सावेदादांनीं केलें. एका मराठी माणसानें आपल्या डोळ्यांसमोर घडणारें आयुष्य यंत्रांत धरून ठेवण्याचा हा पहिला यत्न. आज ह्यांतील एकही चित्र पाहावयास मिळत नाहीं. १९३१ सालीं अर्देशिर इराणी ह्यांनीं प्रदर्शित केलेला आलम आरा हा भारतांतील पहिला बोलपट. त्याचीही प्रत आज उपलब्ध नाहीं. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती कालांतरानें आपोआप कुजते, चिकट होते, तिची भुकटी होते, आणि पेटली तर पाण्यानेंही विझत नाहीं.

चित्रपट जपावेत म्हणून १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. पी. के. नायर ह्यांच्यासारख्या माणसानें गांवोगांव फिरून मिळेल तेथून रिळें गोळा केलीं, म्हणूनच दादासाहेब फाळक्यांच्या मूकपटांचे कांहीं भाग तरी नव्या पिढीस दिसतात. तथापि संग्रहालय झाल्यानें संकट संपलें असें नाहीं. जानेवारी २००३ मध्यें पुण्यांतच, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारांतील नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागली आणि अनेक जुन्या चित्रपटांचीं मूळ रिळें भस्म झालीं. ज्यांच्या प्रती अन्यत्र होत्या ते चित्रपट राहिले. जपण्यासाठीं सर्व कांहीं एका भक्कम खोलींत एकत्र आणणें हेंच कधीं कधीं नाशाचें कारण होतें, हा धडा त्या राखेंत होता.

फोटोच्या इतिहासांतील मोठें स्थित्यंतर १९७५ सालीं घडलें. मात्र त्या वेळीं तें फारसें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन ह्या तरुण अभियंत्यानें फिल्मशिवाय चित्र घेणारें एक यंत्र जुळविलें. चित्र काळेंपांढरें, अवघ्या दहा हजार ठिपक्यांचें; तें कॅसेटच्या फितीवर उतरावयास तेवीस सेकंद लागत. चित्र आतां चांदीच्या क्षारांचें राहिलें नाहीं, तें आंकड्यांचें झालें. प्रत्येक ठिपका किती उजळ, किती काळा, ह्याचा एक आंकडा. अशा आंकड्यांची एक लांबलचक यादी म्हणजे फोटो.

ह्या बदलानें प्रत ह्या शब्दाचा अर्थच पालटला. पोथीची नक्कल करतांना नकलनवीस चुका करी. निगेटिव्हवरून छापलेला फोटो, त्या फोटोचा पुन्हा घेतलेला फोटो, असें करीत गेलें कीं चेहरा पायरीपायरीनें पुसट होई. आंकड्यांची यादी मात्र जशीच्या तशी उतरतां येते. शंभरावी प्रत पहिलीइतकीच खरी असते. किंबहुना मूळ कोणतें आणि नक्कल कोणती हा प्रश्नच उरत नाहीं. पण नाशाची रीतही पालटली. कागदाचा फोटो हळूहळू पिंवळा पडतो, कोपरे झिजतात, माणसाला इशारा मिळतो. आंकड्यांचा फोटो असतो तोंपर्यंत पूर्ण असतो, आणि जातो तेव्हां बहुधा एका क्षणांत समूळ जातो. हार्ड डिस्क आदल्या रात्रीं धडधाकट असते, दुसऱ्या दिवशीं उघडत नाहीं. तिच्यांत दहा वर्षांचे दिवाळी-दसरे असतात.

ह्यावर उपाय शोधणारे विद्वान् छायाचित्रकार नव्हते, ते गणिती होते. १९६० सालीं आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन ह्या दोघां अमेरिकन गणितज्ञांनीं अशी एक रीत प्रसिद्ध केली कीं जिच्यायोगें आंकड्यांच्या यादींतील कांहीं भाग नष्ट झाला तरी उरलेल्या भागावरून तो पुन्हा सिद्ध करतां यावा. तिचें मर्म एका सोप्या उदाहरणानें कळेल. समजा, ५ आणि ७ हे दोन आंकडे जपावयाचे आहेत. एका कपाटांत ५ ठेवावा, दुसऱ्यांत ७, आणि तिसऱ्यांत त्यांची बेरीज १२. तीन कपाटांपैकीं कोणतेंही एक जळालें तरी उरलेल्या दोहोंवरून गेलेला आंकडा काढतां येतो. प्रत्यक्ष रीत ह्याहून पुष्कळ गहन आहे; परंतु आजच्या मोठ्या कोठारांत हीच कल्पना राबते. एकेका फोटोचे तुकडे करून, त्यांना अशा बेरजांची जोड देऊन, ते निरनिराळ्या डिस्कांवर, कित्येकदां निरनिराळ्या इमारतींत ठेवलेले असतात. रोज कोठें ना कोठें एखादी डिस्क बिघडतेच. ती बदलतात, आणि तिच्यांतील मजकूर बाकीच्यांवरून पुन्हा भरला जातो. ज्याचा फोटो आहे त्यास ह्याचा पत्ताही लागत नाहीं.

असल्या कोठारांस क्लाउड, म्हणजे ढग, हें नांव मिळालें तें रूढीनें. अभियंते आपल्या आकृतींत दूरच्या जाळ्याच्या जागीं एक ढग काढून ठेवीत, तोच शब्द लोकांत शिरला. ह्या ढगांत वाफेचा थेंबही नाहीं. तो दगडविटांच्या इमारतींत, थंड हवेच्या दालनांत, विजेच्या जाड तारांवर उभा आहे. २००६ सालीं ॲमेझॉन कंपनीनें असें कोठार भाड्यानें देण्यास आरंभ केला. २०११ सालीं ॲपलनें आयक्लाउड सुरू केला. २०१५ सालीं गुगलनें फोटोंसाठीं स्वतंत्र सेवा काढली, आणि किंचित् लहान केलेले फोटो कितीही ठेवा, पैसा पडणार नाहीं, असें जाहीर केलें. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें पुणें, मुंबई व चेन्नई येथें आपलीं कोठारें उघडलीं. २०१६ सालीं ॲमेझॉनचें कोठार मुंबईंत सुरू झालें. त्याच वर्षीं भारतांत मोबाईलवरील इंटरनेटचे दर एकाएकीं कोसळले, आणि ज्या घरांत पूर्वीं वर्षाकांठीं दोन रोल निघत त्या घरांत एका बारशाचे तीनशें फोटो निघूं लागले. २०२० च्या अखेरीस गुगलनेंच सांगितलें कीं आपल्याकडे चार लक्ष कोटींहून अधिक फोटो आहेत, आणि दर आठवड्यास २८ अब्ज नवे फोटो व व्हिडिओ येत आहेत.

इतकी सोय झाल्यावर काळजीचें कारण काय, असें श्रोत्यांस वाटेल. कारण आहे, आणि तें स्टुडिओच्या कांचांच्याच जातीचें आहे. ठेव ज्याच्या कोठारांत, अटीही त्याच्या. १ जून २०२१ पासून गुगलची ती अमर्याद फुकट सेवा बंद झाली. फ्लिकर ह्या जुन्या फोटोस्थळानें २०१८ सालीं जाहीर केलें कीं पैसे न भरणाऱ्यास यापुढें एक हजारच फोटो ठेवतां येतील. दोन वर्षें न उघडलेलीं खातीं पुसून टाकण्याचें धोरण गुगलनें २०२३ सालीं जाहीर केलें. ह्यांत फसवणूक कोणाची नव्हती. नियम आधीं कळविलेले होते. परंतु नियम वाचणारे घरांत कितीजण असतात? आणि ज्या आजोबांचें खातें, ते हयात नसतील तर ती सूचना वाचावी कोणीं?

कोठारासही अपघात होतात. मायस्पेस हें एके काळीं जगांतील तरुणांचें आवडतें स्थळ होतें. २०१९ सालीं उघड झालें कीं यंत्रें बदलतांना त्यावरील २०१६ पूर्वींचीं गाणीं, फोटो व व्हिडिओ नष्ट झाले. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथें ओव्हीएच ह्या कंपनीच्या कोठाराची एक इमारत जळाली. ज्यांची दुसरी प्रत त्याच आवारांत होती त्यांच्या दोन्ही प्रती गेल्या. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं दक्षिण कोरियांतील देजॉन येथें सरकारी कोठारास आग लागली. तेथें सरकारी नोकरांचे ८५८ टेराबाइट दप्तर होतें, आणि त्याची बाहेर कोठेंही दुसरी प्रत नव्हती. क्लाउड हें नांव तेथेंही होतें. नसलेली प्रत तें नांव आणून देऊं शकलें नाहीं.

उलट बाजूचें एक उदाहरण चित्रपटांच्या जगांत प्रसिद्ध आहे. १९९८ सालीं पिक्सार ह्या अमेरिकन संस्थेंत टॉय स्टोरी २ ह्या चित्रपटाचें काम चाललें होतें. कोणाच्या तरी हातून संगणकास एक चुकीची आज्ञा गेली आणि चित्रपटाचा बहुतेक भाग डोळ्यांदेखत पुसला गेला. बॅकअप होता, परंतु तो कित्येक दिवस नीट घेतलाच जात नव्हता, आणि हें कोणीं तपासून पाहिलें नव्हतें. त्याच कामावरील गेलिन सुसमन ह्या बाई नुकत्याच बाळंत झाल्या असल्यामुळें घरून काम करीत, आणि त्यासाठीं त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत नेऊन ठेविली होती. तो संगणक रजईंत गुंडाळून, मोटारींतून जपत कचेरींत आणला, आणि काम वांचलें. एवढ्या मोठ्या संस्थेच्या सर्व बंदोबस्ताहून एका तान्ह्या मुलाच्या घरांतील प्रत त्या दिवशीं अधिक मोलाची ठरली.

अशा अनुभवांतून फोटोग्राफरांच्या धंद्यांत एक साधा नियम रूढ झाला. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग ह्यांनीं तो लोकप्रिय केला, आणि तीन-दोन-एक ह्या नांवानें तो ओळखला जातो. प्रती तीन असाव्या. त्या दोन निरनिराळ्या जातींच्या साधनांवर असाव्या. आणि त्यांपैकीं एक तरी घराबाहेर असावी. मोबाईलमधील फोटो ही पहिली प्रत, घरच्या हार्ड डिस्कवरील दुसरी, क्लाउडमधील तिसरी. घरास आग लागली तर तिसरी राहते. कंपनीनें नियम बदलले तर दुसरी राहते. मोबाईल हरवला तर दोन्ही राहतात.

येथें एक भ्रम दूर करणें जरूर आहे. पुष्कळ सेवांत मोबाईल आणि क्लाउड हे एकमेकांचे आरसे असतात. मोबाईलमध्यें जागा करावी म्हणून फोटो पुसला कीं तो क्लाउडमधूनही पुसला जातो. कांहीं दिवस टोपलींत राहतो आणि मग कायमचा जातो. आरशांतील प्रतिबिंबाला दुसरी प्रत म्हणतां येत नाहीं. तसेंच व्हॉट्सॲपवरून नातेवाइकांना धाडलेला फोटो वाटेंत सामान्यतः लहान केला जातो. तो पाहण्यास पुरतो. मोठा करून भिंतीवर लावूं गेल्यास चेहरा विरतो. म्हणून जी प्रत ठेवावयाची ती मूळ आकारांतच ठेवावी, आणि वर्षांतून एकदां तरी ती उघडून पाहावी. पिक्सारचा बॅकअप न उघडल्यामुळेंच दगा देऊन गेला.

प्रती वाढल्या म्हणजे दारें वाढतात, हेंही खरें. २०१४ सालीं अमेरिकेंतील अनेक नामांकित स्त्रियांचे खाजगी फोटो क्लाउडमधून चोरून जगजाहीर करण्यांत आले. चोरांनीं कोठाराची भिंत फोडली नव्हती. खोटे निरोप पाठवून पासवर्ड काढून घेतले होते. जुन्या वाड्यांतील तिजोरीची किल्ली जशी घरच्या कर्त्या बाईच्या कमरेस असे, तसा पासवर्ड हा कोणाकडे तरी जबाबदारीनें असावा लागतो. पण ती कर्ती बाई आपल्यामागें किल्ली कोणाकडे जावी हें सांगून ठेवी. नव्या किल्लीचें तसें होत नाहीं. कित्येक घरांत माणूस जातो आणि त्याच्याबरोबर वीस वर्षांचे फोटोही कुलूपबंद होतात. ही अडचण ध्यानीं घेऊन गुगलनें २०१३ सालीं, आणि ॲपलनें २०२१ सालीं, खातेदारानें आपल्या पश्चात् कोणास प्रवेश द्यावा हें आधींच नेमून ठेवण्याची सोय केली. ती सोय वापरण्यास पांच मिनिटें लागतात. घराचें इच्छापत्र करणारे सुजाण लोकही ह्या पांच मिनिटांची चालढकल करतात.

सर्वांत शेवटीं एक गोष्ट कोणत्याही कोठाराकडून होणारी नाहीं. आजचा कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटांत तारीख आणि वेळ लिहितो, बहुधा स्थळही लिहितो. यंत्र दोन फोटोंतील एकच चेहरा ओळखूंही शकतें. परंतु मागच्या रांगेंत डावीकडून तिसऱ्या उभ्या असलेल्या बाई ह्या आजीच्या धाकट्या जाऊ. त्यांनींच आईचें बाळंतपण केलें. ह्या फोटोनंतर चार महिन्यांनीं त्या गेल्या, हें यंत्रास कळत नाहीं. तें ज्यांना ठाऊक आहे तीं माणसें आज सत्तर-ऐंशीच्या घरांत आहेत. स्टुडिओच्या काळांत फोटोच्या पाठीवर शाईनें नांवें लिहीत. त्या दोन ओळींमुळें शंभर वर्षांपूर्वींचे चेहरे आज नात्याचे वाटतात. ज्यांच्या पाठी कोऱ्या राहिल्या ते जुन्या बाजारांत अनोळखी म्हणून विकले जातात.

म्हणून तीस हजार फोटोंच्या राशींतून वर्षाकांठीं शंभर निवडावे. घरांतील वडील माणसाजवळ बसून त्यांतील नांवें, नातीं, गांवें विचारून घ्यावीं आणि फोटोबरोबर लिहून ठेवावीं. कांहीं कागदावर छापून घ्यावे. एक संच भावाकडे, एक बहिणीकडे असावा. क्लाउडमधील प्रत तर असावीच. पोथी उतरून झाल्यावर नकलनवीस आपलें नांव, गांव आणि तिथि खालीं लिहून ठेवीत असे, म्हणून ती कोणीं, कोठें, केव्हां लिहिली हें आज सांगतां येतें. घरांतील फोटोंना तेवढ्या दोन ओळी अजून कोणीं तरी लिहावयाच्या आहेत. आणि ज्यांना विचारून त्या लिहावयाच्या, तीं माणसें बहुधा शेजारच्याच खोलींत बसलेलीं असतात.